'मावशी'वरचे अकरा मृत

३ फेब्रुवारी

मामा,

तब्येतीची चौकशी शेवटी करते. आधी केली की तुम्ही "बरा आहे" एवढंच उत्तर देता आणि बाकीचं पत्र उशाखाली ठेवून विसरता.

'मावशी' गोदामातून संग्रहालयाच्या नव्या दालनात आली. तुम्ही आणि आजोबांनी बांधलेली बत्तीस फुटांची नाव, एक्केचाळीस वर्षं गावाला तळ्याच्या या काठावरून त्या काठावर नेणारी. दारातून ती आत जाईना. तेव्हा सल्लागार म्हणाला, "पुढचं टोक दीड फूट कापलं तर?" मी ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्यांदा ओरडल्याचं आठवत नाही. मग दाराची चौकट उखडली.

हा सल्लागार मोठ्या शहरातून आणलाय. पस्तिशीचा असेल. लाकडाला हात लावला की लगेच रुमालाला पुसतो. "लोकांना माहिती नको असते, अनुभव हवा असतो," हे वाक्य मी तीन आठवड्यांत नऊ वेळा ऐकलं. अनुभव म्हणजे काय, तर भिंती निळ्या, पडदे निळे, चार कोपऱ्यांत वादळाचा आवाज आणि छतातून तोंडावर बारीक पाणी उडवणारं यंत्र. चाचणीच्या दिवशी मी त्याखाली उभी राहिले. ओल्या फरशीपुसण्याचा वास आला आणि कुणाच्या तरी किंकाळ्या. किंकाळ्या विकत मिळतात, हे मला ठाऊक नव्हतं.

हे सगळं कशासाठी, तर दालनाचा विषय 'दुर्घटना' असा ठरलाय. त्यासाठीच हे पत्र. सोबत एका फोटोची प्रत पाठवतेय. आमच्या संग्रहातला आहे, मी जन्मायच्या दोन वर्षं आधीचा. 'मावशी' काठाजवळ कलंडून पाण्यानं भरलेली, भोवती कमरेइतक्या पाण्यात माना खाली घातलेली सात-आठ माणसं, टोप्या काढलेल्या. काठावर एक बाई तोंड झाकून बसलेली. संग्रहाच्या नोंदवहीत या फोटोपुढे "'मावशी', अपघातानंतर" अशी नोंद आहे. तेवढ्यावरून सल्लागारानं सगळं उभं केलं.

असा अपघात झाला होता का? घरात मी कधी ऐकला नाही. आई गेल्यापासून विचारायला तुम्हीच उरलात.

गुडघा कसा आहे?

तुमची,
शाईबाई

११ फेब्रुवारी

शाईबाई,

तू पाच वर्षांची असताना दौत सांडून घेऊन माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर दोन पंजे उमटवलेस, तेव्हा हे नाव मीच ठेवलं. आज त्याच नावाला चार शिव्या जोडाव्याशा वाटतायत, पण आधी वाच.

फोटो बघून मी हसलो. मग पत्र वाचलं आणि ताट तसंच बाजूला सारलं. सूनबाई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "माझी नाव बुडाली." ती म्हणाली, "कधी?" मी म्हटलं, "आत्ता. पोस्टानं."

अगं, ते पाणी पाजणं आहे! नाव चार महिने काठावर उभी राहिली की फळ्या सुकतात, सांधे उघडतात. तशीच पाण्यात लोटली तर मधोमध जाऊन भरेल. म्हणून हंगामाआधी तिला उथळ पाण्यात आणायची, दगड भरायचे आणि मुद्दाम काठापर्यंत बुडवून सहा दिवस ठेवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे आपोआप मिटतात. मग पाणी उपसायचं, आणि वर्षभर आत थेंब नाही. हे दर वर्षी व्हायचं. आजोबा करायचे, मी करायचो.

माणसं शोक करत नाहीयेत. कुठल्या सांध्यातून धार येतेय ते वाकून बघतायत, म्हणजे तिथे खडूची खूण करता येते. टोप्या काढल्या कारण वाकलं की त्या पाण्यात पडतात. डावीकडून तिसरा मी. पाठ ओळखली नाहीस?

आणि ती बाई तुझी आई आहे. डबा घेऊन आली होती. रडत नाहीये, तिची दाढ दुखत होती. दुसऱ्या दिवशी ती दाढ उपटली आणि तिनं पुडीत बांधून मला दाखवायला आणली होती.

माझ्या नावेवर एकही माणूस मेलेला नाही. माझ्याकडे मिरवायला दुसरं काही नाही. सातव्या मजल्यावर मुलाच्या घरी राहतो, हातोडी धरता येत नाही, चहा विचारून प्यावा लागतो. एवढं एक आहे, आणि ते तुम्ही लोक माझ्याकडून काढून घ्यायला निघालात.

अपघात म्हणून कुणी लिहिलं? त्या गाढवाला शोध, आणि ते दालन बंद कर.

मामा

१९ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र घेऊन मी त्याच दिवशी अध्यक्षांकडे गेले. तेच, ज्यांची बर्फाची फॅक्टरी होती. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, दाढेच्या ओळीला हसले आणि पत्र मला परत दिलं.

"छान लिहितात तुमचे मामा. पण आता एकोणीस दिवस राहिलेत."

"खोटं आहे ते."

"खोटं कसं? फोटो आहे, नोंद आहे. आणि माणसं आहेत."

माणसं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. सल्लागारानं महिन्यापूर्वी गावात फॉर्म वाटले होते, आठवणी गोळा करायला. त्यात एक रकाना होता, "दुर्घटनेत गमावलेली व्यक्ती". पहिल्या आठवड्यात तीन फॉर्म आले, मग सात. आता अकरा आहेत. अकरा नावं काळ्या दगडावर कोरून झाली आहेत. मी दगड बघितला. अक्षरांत अजून पांढरी भुकटी होती.

मामा, मला किळस आली. शब्द जड आहे, पण दुसरा सापडत नाही. आपल्या गल्लीतली, दुकानातली माणसं, ज्यांना मी रोज "कसं काय" म्हणते, त्यांनी आपापले म्हातारे आणून आमच्या नावेत बुडवले. एकानं तर स्वतःच्या आजोबांचा "शेवटचा शब्द" लिहिलाय. तो म्हणे "लेकरांना सांभाळा" असा होता. बुडणाऱ्या माणसाचा शेवटचा शब्द कुणी ऐकला, असं मी विचारलं तर सल्लागार म्हणाला, "हे फार प्रभावी आहे."

आईचा चेहरा, म्हणजे तिचे झाकलेले हात, भिंतीवर आठ फूट उंच लावलेत. खाली लिहिलंय, "अज्ञात माता". मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि मला तिचा हात ओळखता आला नाही. आता येतो. अंगठ्याचं नख बघितलं की येतो.

यादी पाठवतेय. तुम्हाला कुणाकुणाबद्दल काय माहीत आहे ते कळवा, म्हणजे मला एकेक नाव खोडून दाखवता येईल. यादीतलं शेवटचं नाव घड्याळवाल्याचं आहे. त्यांची मुलगी, शिवणवाली काकू, दालनाचे पडदे शिवतेय. तिला विचारायची हिंमत झाली नाही.

नोंद कुणी केली ते नक्की सांगता येत नाही. अक्षर जुनं आहे.

तुमची,
शाईबाई

२५ फेब्रुवारी

शाईबाई,

यादी वाचली. तुमच्या गावाला डोकं आहे की नाही?

पहिला, पिठाच्या गिरणीवाला. तो माझ्यासमोर अंथरुणात गेला, पोटफुगीनं. दुसरा आणि तिसरा भाऊ भाऊ. ते तापानं गेले, एकाच आठवड्यात. पाचवा कधी तळ्याकडे फिरकलाच नाही, त्याला पाणी बघूनच घाम फुटायचा. सहावा, पाववाला! तो जिवंत आहे. या शहरातच मुलीकडे राहतो. मागच्या आठवड्यात माझ्याकडे येऊन दोन कप चहा प्यायला आणि लिफ्ट बंद म्हणून शिव्या देत सात मजले उतरला. त्याला फोन करून सांगितलं की तू बुडालास. तो म्हणाला, "माझ्या नातवानंच फॉर्म भरला असणार, त्याला कुठेही नाव छापून यायला हवं असतं."

बाकीच्यांचं वेगळ्या कागदावर लिहिलंय. सूनबाईनं स्वच्छ अक्षरात उतरवून दिलं.

घड्याळवाल्याचं मात्र तुला एकटीलाच सांगतो. त्याला मी स्वतः पलीकडे सोडला. भर दुपारी. ट्रंकेवर बसला होता, मांडीवर घड्याळांचं खोकं. म्हणाला, "आठ दिवसांत येतो." पलीकडे एक बाई उभी होती. तो परत आला नाही. त्याच्या बायकोनं पोरीला सांगितलं, पोहायला गेला आणि पाण्यानं नेला. मी गप्प राहिलो. ती माझ्या नावेचं नाव घेत नव्हती, मग मला बोलायचं काय कारण? पोरीला बाप मेलेला बरा की पळालेला, हे मी कोण ठरवणार?

पण आता तिनं त्याला माझ्या नावेत बुडवलाय. आता मी गप्प कसा राहू? आणि बोलू तरी कसा? तू शिकलेली आहेस, तू सांग.

आणखी एक. "अक्षर जुनं आहे" असं लिहिलंस. त्या कचेरीत तू सतरा वर्षं आहेस. तिथल्या शिपायाच्या हिशेबाच्या चिठ्ठीवरूनही अक्षर कुणाचं ते सांगतेस. मग हे कुणाचं?

मामा

१४ मार्च

मामा,

उत्तराला उशीर झाला. आजारी नव्हते. रोज लिहायला बसत होते आणि पहिली ओळ खोटी येत होती.

अक्षर माझं आहे.

नोकरीचं पहिलं वर्ष, मी सत्तावीस वर्षांची. फोटोंचं एक खोकं आलं होतं, दोनशेच्या वर फोटो, आणि ते एका दुपारी नोंदवायचे होते. हा फोटो हातात आला. खाली घातलेल्या माना, तोंड झाकलेली बाई. मला वाटलं, हे दुःख आहे. आणि मामा, मला ते आवडलं. हेच लिहायला एवढे दिवस लागले. आपल्या गावात असं काहीतरी घडलं होतं आणि ते मला सापडलं, याचा मला आनंद झाला. आई दहा मिनिटांच्या अंतरावर स्वयंपाकघरात होती. तुम्ही तेव्हा इथेच होता, ओट्यावर रंधा मारत. एक वाक्य विचारायचं होतं. नाही विचारलं, कारण उत्तर "काही नाही गं" असं येईल, ही भीती होती.

मग सल्लागारावर मी कशाला नाक मुरडते? त्यानं किंकाळ्या विकत आणल्या, मी फुकट आणल्या.

पहिल्या पत्रात "नोंद आहे" असं लिहिलं, दुसऱ्यात "अक्षर जुनं आहे". दोन्ही खरं होतं. असं खरं लिहिण्याची मला चांगली सवय आहे, हे या दोन आठवड्यांत कळलं.

काल शिवणवाल्या काकूंकडे गेले. खोलीभर निळं कापड पसरलं होतं, चालायला जागा नव्हती. म्हटलं, "काकू, तुमच्या वडिलांबद्दल बोलायचंय."

"मावशीवर बुडाले नाहीत ते. हेच ना?" मशीन थांबलं नाही.

"तुम्हाला माहीत आहे?"

"लग्नाआधीपासून. त्यांचं एक कार्ड आलं होतं. आईनं चुलीत टाकायच्या आधी मी वाचलं. 'माझी बारकी पकड कपाटात राहिली आहे, कुणाबरोबर पाठव.' पकड! माझं नाव सुद्धा नव्हतं त्यात."

"मग फॉर्ममध्ये का लिहिलंत?"

तिनं धागा दातानं तोडला. "तुमच्या त्या माणसानं कागद हातात दिला. गमावलेली व्यक्ती, म्हणे. मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सोडून गेलेल्या माणसासाठी कुठल्या कागदावर जागा असते का, सांग बरं? मग लिहून टाकलं. आणि खरं सांगू? दगडावर त्यांचं नाव बघितलं ना, तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं. म्हटलं, मेला एकदाचा."

 मग तीच म्हणाली, "काढायचं तर काढा. तुझ्या मामानं त्यांना पलीकडे सोडलं, मला ठाऊक आहे. त्याची काय चूक? कुणी बसलं की न्यायचं, हे त्याचं कामच होतं. पण पडदे उतरवू नका हं. अठ्ठावीस मीटर शिवलेत."

उद्घाटन तीन आठवडे पुढे गेलंय, पाहुण्यांना वेळ नव्हता म्हणून. माझ्यामुळे नाही.

तुम्ही माझ्यावर चिडाल. चिडा.

शाईबाई

२० मार्च

पत्र मिळालं. चीड उतरेल म्हणून चार दिवस थांबलो, उतरली नाही, म्हणून कार्डच लिहितोय.

फॉर्म भरणाऱ्यांवर माझा राग नाही. सल्लागार परका आहे. बर्फवाल्याला मी उभ्या आयुष्यात तळ्यात थुंकतानाच पाहिलंय, त्याच्याकडून काय अपेक्षा? पण तू माझ्या ओट्यावर वाढलीस. नावेला पाणी पाजताना तू काठावर उभी राहून टाळ्या वाजवायचीस. वयाच्या नवव्या वर्षापर्यंत दर वर्षी बघितलंस. तेच तुला सत्ताविसाव्या वर्षी ओळखता आलं नाही. कॉलेजात काय शिकवतात?

माफीचं पत्र पुन्हा लिहू नकोस. जिथे लिहिलंस तिथे खोड, सहीनिशी. आणि भिंतीवर जेवढ्या मोठ्या अक्षरात खोटं आहे, तेवढ्याच मोठ्या अक्षरात खरं लिही. जमलं तर मला कळव. नाही जमलं तर गुडघ्याची चौकशी करू नकोस.

मामा

४ एप्रिल

मामा,

जमलं. पण कसं, ते ऐका.

नोंदवहीतली ओळ मी खोडली. बाजूला लिहिलं, "ही नोंद चुकीची होती, मी केली होती," आणि सही, तारीख. तेवढं सोपं होतं. मग अध्यक्षांना लेखी कळवलं की दगड आणि किंकाळ्या निघाल्या नाहीत, तर उद्घाटनाला पाहुण्यांसमोर उभी राहून हीच ओळ वाचेन. ते लाल झाले. "बाई, नोंद तुमचीच, दुरुस्ती तुमचीच, आणि मधल्या मध्ये आमचा कार्यक्रम मेला!" सल्लागार मला बाजूला घेऊन म्हणाला, "दोन्ही बाजू दाखवू या. काहींच्या मते बुडाली, काहींच्या मते नाही." मी त्याला पाववाल्याचा फोन नंबर दिला. त्यानं लावला नाही.

शेवटी त्यांना एकच काळजी उरली, की दगड वाया जातोय. तो वाया गेला नाही. उलटा करून बसवला आणि कोऱ्या बाजूवर उद्घाटकांचं आणि अध्यक्षांचं नाव कोरलं. अकरा जण आता भिंतीकडे तोंड करून आहेत आणि वर अध्यक्ष चमकतायत. मी तिथून जाताना दुसरीकडे बघते.

किंकाळ्या काढल्या. त्याऐवजी बासरी लावलीय. पाणी उडवणारं यंत्र मी स्वतः शिडीवर चढून बंद केलं. पडदे आहेत.

आईचा मोठा फोटो राहू दिला. खाली लिहिलं, "नावाड्याची बहीण, डबा घेऊन आलेली. दाढ दुखत होती." आणि मुख्य फलकावर, त्यांच्याच मापाच्या अक्षरांत, नावेला पाणी कसं पाजतात ते सगळं, तुमच्या पत्रातल्या शब्दांत. शेवटी, "एक्केचाळीस वर्षांत या नावेवर एकही माणूस मेला नाही, एकाही प्रवाशाला इजा झाली नाही." त्याखाली तुमचं आणि आजोबांचं नाव. त्याखाली, लहान अक्षरात, आधीची चूक कुणाची होती ते.

आता लोकांचं सांगते. पहिल्या दिवशी बरीच गर्दी होती, अपघात बघायला आलेली. फलकाशी थांबायचे, वाचायचे, आणि चेहरे पडायचे. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "म्हणजे कुणीच नाही?" दुकानातला माल संपल्यावर म्हणतात ना, तसं. नवरा म्हणाला, "चल, बाहेर आइस्क्रीम आहे." पाववाल्याचा नातू येऊन भांडून गेला, "आमच्या आजोबांचं नाव काढणाऱ्या तुम्ही कोण?" मी म्हटलं, "ते जिवंत आहेत." तो म्हणाला, "तो प्रश्न वेगळा."

दिवसभर मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. खरं लिहिलं म्हणून बरं वाटावं, तसं वाटलं नाही. या लोकांची किळस येत होती, आणि सत्तावीस वर्षांची एक मुलगी त्याच रांगेत उभी दिसत होती, चेहरा पडलेली.

तुम्ही मना केलंत, तरी विचारते. गुडघा?

शाईबाई

१२ एप्रिल

शाईबाई,

मुलानं फलकाचा फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवला. तीनदा वाचला. सूनबाईलाही वाचून दाखवला, तिनं लिफ्टवाल्याला सांगितलं. गुडघा तसाच आहे.

लोकांचे चेहरे पडले, असं लिहिलंस. पडू देत. एक्केचाळीस वर्षं रोज सकाळी उठून मी तेवढंच बघत होतो, की आज पाण्यावर काही घडू नये. न घडलेलं बघायला कोण तिकीट काढणार? मला त्याचं काही वाटत नाही. तूही वाटून घेऊ नकोस. मात्र ती बासरी बंद कर. तळ्यावर कुणी कधी बासरी वाजवली नाही. बायका भांडायच्या आणि कोंबड्या ओरडायच्या.

आणि फलकावर एक चूक आहे. "एकाही प्रवाशाला इजा झाली नाही" असं लिहिलंस. झाली होती. पलीकडच्या काठावर उतरताना एका म्हातारीचं बोट नाव आणि धक्क्याच्या मध्ये सापडलं. दोर सैल राहिला होता. मीच बांधला होता. नख गेलं. मी माझ्या सदऱ्याची चिंधी फाडून बांधली आणि तिनं मला सगळ्या प्रवाशांसमोर आईवरून शिवी दिली.

तेवढं दुरुस्त कर. सही माझी घाल.

मामा